बारा वर्षांखालील

दारावर पाटी होती :
बारा वर्षांखालील मुलांस प्रवेश नाही.
दुर्वा नऊची, निपुण सहाचा,
दोघांचे मिळून पंधरा होतात,
हे तिनं वॉचमनला सांगून पाहिलं.
तो हसला, पण सरकला नाही.

कल्याणी तिसऱ्या मजल्यावर गेली
आणि तिची लेकरं माझ्याकडं राहिली, दिवसभरासाठी.
तुमसरात मी ट्रॅक्टरचे पार्ट विकतो.
नागपुरात मला ठाऊक कॉटन मार्केट
आणि एका ठोक व्यापाऱ्याची गल्ली, बस्स.

धंतोलीतून महाराजबाग जवळच, असं रिक्षावाला म्हणाला,
आणि तरी साठ घेतले.
डिसेंबरचं ऊन, मफलर काढावा की नाही असं.
अस्वल पाठ करून बसलेलं.
वाघ होता, म्हणजे शेपटी होती.
हरणं मात्र जाळीपाशी येऊन
दूरच्या नातेवाइकांसारखी बघत राहिली.
निपुणनं पाटी वाचली, अक्षर अक्षर ओढत :
प्रा-ण्यां-ना खा-ऊ घा-लू न-ये.
"मामा, आईलेबी खायाले देऊ नोका म्हनला ना डाक्टर?"
मी हो म्हणालो.
शेंगदाण्याची पुडी फोडली, तिघांत वाटली,
खारी लागली फार.

झिरो माइलचे चार घोडे
इतके वर्ष पळून राहिले अन् तिथंच आहेत,
दुर्वाला हसू आवरेना.
मी म्हटलं, इथूनच मोजायचे म्हणतात
सगळ्या गावांचं अंतर.
"मंग आई किती?"
दगडावर नावं आहेत, मैल आहेत,
आमचं तुमसर नाही, तिसरा मजलाही नाही.
तिनं पावलं मोजायला घेतली.
तीनशे बारावर एक ऑटो भोंगा वाजवत गेला
आणि आकडा सांडला.
निपुण म्हणाला, मी सांगतो,
आणि एकपासून सुरू झाला.

कडबी चौकातल्या त्या रेल्वेच्या बागेत
लहानशा रुळांवरचे लहानसे डबे.
लाकडी बाकावर बसलो, गुडघे समोर टेकले,
आणि नागभीडची गाडी आठवली.
मी आठवीत, कल्याणी पाचवीत.
तिनं खिडकीबाहेर हात काढला
आणि एक बांगडी गेली, पळसांत कुठंतरी.
"आई रडली?"
नाही. दुसऱ्या हातातलीही काढून फेकली.
म्हणाली, एकटी काहाले राहील ते.
दोघं बराच वेळ काही बोलली नाहीत,
मग निपुणनं तोंडानं शिट्टी दिली
आणि आमची गाडी न हलता निघाली.

गवतावर संत्री सोलली.
साल उलटी दाबून एकमेकांच्या डोळ्यांत उडवायची,
हे मीच शिकवलं, आणि मलाच भोवलं.
दुर्वानं आठ फोडी रुमालात बांधल्या.
कोणासाठी, ते मी विचारलं नाही.
फोन शर्टाच्या खिशात होता,
दर पाच मिनिटांनी काढत होतो, वेळ बघायला म्हणून.

फुटाळ्यावर वाजला.
निपुण तेव्हा एका म्हाताऱ्या घोड्यावर,
वीस रुपयांत एवढं टोक ते तेवढं टोक.
भाऊजी म्हणाले, झालं. शुद्धीवर आहे. पाणी मागून राहिली.
तलावात सूर्य उतरत होता,
लोक त्याचे फोटो काढत होते,
मी घोडेवाल्याला म्हटलं, अजून एक चक्कर मार बाप्पा,
पैसे घे.

रात्री दवाखान्याच्या फाटकात तिघं.
वर तिसऱ्या मजल्यावर भाऊजींनी
खिडकीतून तिची शाल हलवली,
ती हिरवी, काठाला उसवलेली.
निपुण माझ्या खांद्यावर चढला,
रुमाल उंच धरला, रस माझ्या कानावर टपकला.
"मामा, तू कितीचा?"
चौतीस.
"मंग आपून दोघं चाळीस," तो वॉचमनला ऐकू जाईल असं ओरडला.
"अन् मी धरून एकोणपन्नास," दुर्वा म्हणाली.
पाटीखाली वॉचमन डबा खात होता.
त्यानं मान वर केली नाही.