तीन जावा

मीटर म्हणतंय अकराशे ऐंशी.
भट्टीच्या भोकातून बघावं
तर मधली मान टाकायच्या बेतात.
कुणाचं ऐकू?

रात्रीचे पावणेदोन. तेर झोपलंय.
सिलिंडर घमेल्यातल्या पाण्यात उभा,
तरी त्याच्या बुडाला पांढरं हिव धरलेलं,
आणि हातभर अंतरावर ही भट्टी.
आत शंभर कप, लातूरच्या एका हॉटेलचे,
तुराट्यांच्या राखेची झिलई दिलेले.
राख आमच्याच चुलीतली,
चाळलेली, धुतलेली, परत चाळलेली.

शंकू खुर्ज्याहून पार्सलनं येतात.
पेटीवर नंबर असतात, पाच, सहा, सात.
चाँदपाशा चाचा नंबर घेत नाहीत तोंडात.
जालन्याच्या फ्यूज कारखान्यात
एकोणीस वर्षं रात्रपाळी केलेला माणूस.
म्हणाले, या तीन जावा.
धाकटी आधी वाकती, ती नुसती वर्दी.
मधली वाकली की आपलं काम झालं.
थोरलीला वाकू द्यायचं नाही.
थोरली वाकली की घर बसलं.

मातीच्या वळकटीत तिघींना रोवायचं
जरा पुढं कलवून,
म्हणजे पडायचं कुणीकडं ते आधीच ठरलेलं.
मी हसले. म्हटलं, जावांचं तसंच असतंय चाचा.
ते हसले नाहीत.
दाभणानं वळकटीला भोकं पाडत राहिले,
आत ओल राहिली तर फुटती म्हणून.

पहिल्या खेपेला मी मीटरचं ऐकलं होतं.
लिलावातलं मीटर, लाल आकडे,
एवढ्या ठामपणे आमच्या घरात कुणी बोलत नाही.
बाराशे तीस येईस्तोवर बसून राहिले.
तिसऱ्या दिवशी दार काढलं
तर कप एकमेकांच्या अंगावर रेललेले,
कानाला कान चिकटलेला,
फळीवर झिलईचं थारोळं,
आणि तिघी जावा एकाच गोळ्यात,
कोण कुठली ते ओळखू येईना.

चाचांनी छिन्नीनं तो गोळा सोडवला,
पेन्सिलीनं तारीख घातली
आणि आपल्या डालड्याच्या डब्यात टाकला.
डब्यात जालन्याचे किती तरी.
एक अगदी ताठ: गॅस संपला त्या रात्री.
एक पार आडवा: त्या रात्री पोरगी झाली,
मी दवाखान्यात, भट्टी हेल्परच्या भरवशावर.
न बघता, नुसत्या बोटांनी सांगतात.
"मीटरला आत्ताचा ताप कळतो, मनकर्णे.
कवापासून सोसायली, ते हिलाच ठावं."

निळी काच डोळ्यापुढं धरते.
भोकात हलकेच फुंकर.
क्षणभर तो पांढरा उजेड दबतो
आणि तिघी दिसतात.
धाकटी कधीच पायाशी.
मधलीचं टोक घड्याळातल्या चारवर.
थोरली सरळ.
मग पुन्हा काहीच नाही, नुसतं पांढरं.

फोन लावला.
चाचा जालन्याला लेकीकडं, मोतीबिंदू काढलेला,
डोळ्यावर हिरवी पट्टी.
पहिल्याच रिंगेला उचलला.
"थोरली?"
"उभी हाय."
"मधली?"
"वाकायली."
"आन मीटर?"
सांगितलं.
पलीकडं खोकला, किंवा हसू.
"त्याला बी मोतीबिंदू झालाय.
मधलीचं टोक भुईला लागू दे.
मग बंद कर आन चहा ठेव."

बावीस मिनिटं लागली.
चार फुंकरी. भुवईचे केस करपल्याचा वास.
पाचव्या फुंकरीला टोक टेकलेलं दिसलं.
वॉल्व्ह फिरवला,
आणि बर्नर थांबल्यावर कळलं
इतका वेळ केवढा आवाज होता ते.
देवळाकडं एक कुत्रं भुंकत होतं, बहुतेक मघापासूनच.

भोकाला विटेचा तुकडा लावला.
परवा सकाळपर्यंत दाराला हात लावायचा नाही.
पेन्सिल कानामागं आहे, तारीख ठाऊक आहे,
कपांचं काही सांगता येत नाही.

चहाला आधण आलं.
मीटर खाली उतरायलंय,
अकराशे साठ, अकराशे चाळीस,
एकेक आकडा तितक्याच ठामपणे.
उतरू दे.