तळाशी जाळं

गाडी कुडाळच्या डॉक्टरांकडून घेतली.
दुसऱ्याच हाताची, असं ते म्हणाले.
निळी. म्हणजे कागदोपत्री निळी,
टपावर ती वेंगुर्ल्याच्या उन्हाने
शाळेच्या जुन्या गणवेशासारखी विटली आहे.

पहिल्या रविवारी मी बादली, भांड्यांचा साबण
आणि साडीचा एक तुकडा, काठासकट, घेऊन बाहेर आले
तेव्हा गडग्यापलीकडून इनास रॉड्रिग्ज ओरडले,
"गे चेडवा, थांब! तिची कातडी काढतंस काय?"
मी चोपन्न वर्षांची.
पण बत्तीस वर्षं होड्या रंगवलेल्या माणसाला
वय कोण सांगणार.

त्यांनी काठ बोटांनी चाचपला, जर दाखवली,
आणि तुकडा माझ्या खांद्यावर परत टाकला.
साबण हुंगला. "ह्यो टोपाक बरो."
मग आपल्या घरातून दुसरी बादली आणली
आणि दोन्हींच्या तळाशी
फाटक्या जाळ्याची घडी दाबून बसवली.
"हेच्यातसून मासो जायत, रेती वर येवची नाय."

आधी नुसतं पाणी. हात नाही.
टपावरून सोडायचं, सावकाश,
म्हणजे रस्त्याची तांबडी धूळ, किनाऱ्यावरून उडून आलेलं मीठ
आपलं आपण उतरतं.
जे पाण्याने जातं त्याला बोट लावायचं नाही.
हे मला अंगणवाडीत असताना कुणी सांगितलं असतं
तर कितीतरी पोरं
तोंड पुसताना कमी रडली असती.

मग फेस, वरून खाली, सरळ.
मी गोल फिरवू लागले तर म्हणाले,
"ती काय आंबोळी आसा?"
गोल ओरखडे उन्हात कोळिष्टकासारखे चमकतात.
एक दार झालं की कापड साध्या पाण्यात खळबळायचं,
पिळायचं, मगच पुन्हा साबणात.
चाकं शेवटी. चाकांचं फडकं वेगळं,
आणि ते वर आणायचं नाही,
कितीही स्वच्छ दिसलं तरी.

बॉनेटवर काजूच्या डिंकाचा थेंब.
मी नख पुढे केलं.
त्यांनी नुसतं आपलं नख दाखवलं,
एप्रिलभर काजू सोलून काळं पडलेलं.
कोमट पाण्याचं फडकं थेंबावर ठेवून
आम्ही पायरीवर बसलो.
खाडीकडे कुणीतरी इंजिन चालू करत होतं,
ते होत नव्हतं.
"आता फायबर इलो," ते म्हणाले,
"होडीक रंग कोणाक होयो."
यावर मला काही सुचलं नाही.
मी उठून डिंक पाहिला. सुटत आला होता.

मागच्या काचेखाली पुसताना दोन अक्षरं दिसली.
स्टिकर कुणी केव्हाच काढलेला,
पण त्याच्याखाली ऊन पोचलं नव्हतं,
तिथे निळं अजून निळं होतं:
ओजू.
मुलगा की मुलगी, कुणास ठाऊक.
डॉक्टरांकडे फक्त कुत्रा. टायगर.
दुसऱ्याच हाताची म्हणे.

इनास वाकून बघत राहिले.
"पॉलिश मारलंस तर जायत."
मग, बऱ्याच वेळाने,
"होडीचा जुना नाव रंगाखाली रवता.
हात फिरवलो की गावता."

ऊन माडांवरून गडग्यावर उतरलं.
विहिरीचं पाणी मचूळ,
वाळलं तर पांढरे ठिपके उठतात,
त्यामुळे बोलायला वेळ नव्हता.
कोरडं कापड पसरलं, घासलं नाही,
टेकवलं आणि उचललं,
टेकवलं आणि उचललं,
त्या दोन अक्षरांवरही तेवढंच.

बादल्या माडाच्या आळ्यात उपड्या केल्या.
जाळ्यात मूठभर रेती, शिंपल्याचा एक कपचा.
इनासनी जाळं दोनदा झटकलं
आणि गडग्यावर वाळत घातलं,
पहाटे पागायला जायचं असल्यासारखं
नीट, गाठी सोडवून.