दहा गुणांचा अंधार

भारंबे सरांनी हॉलच्या खिडक्यांना
एनसीसीची घोंगडी ठोकली.
बाहेर भुसावळ, एप्रिल, दुपारचे दोन,
डांबर चप्पल सोडत नाही असं ऊन.
आत आम्ही सतरा जण, एक कूलर, त्यात पाणी नाही,
आणि पडद्यावर पाऊस.

तिथे सगळं रात्रीच घडतं.
रस्ता ओला, त्यात दिवे उलटे लटकलेले.
खिडकीच्या पट्ट्यांतून उजेड येतो
आणि माणसाच्या अंगावर गज उमटतात,
गुन्हा व्हायच्या आधीच.
मी वहीत लिहिलं : सावली म्हणजे निकाल.
मग खोडलं.
आमच्याकडे सावलीसाठी भांडतात माणसं.
निंबाखाली खाट कुणाची, एवढ्यावरून
गल्लीतली दोन घरं तीन वर्षं बोलत नाहीत.
आमच्याकडे जे व्हायचं ते उन्हात होतं,
सगळ्यांच्या देखत,
आणि कुणीच पाहिलेलं नसतं.

हॅटवाला बोलत राहतो,
सगळं संपून गेल्यावरच्या आवाजात.
हा आवाज माझ्या ओळखीचा.
पप्पा यार्डातून सकाळी सहाला येतात,
चहा बशीत ओततात आणि रात्र सांगतात,
जणू ती दुसऱ्याच कुणाची होती.
एकदा डबा द्यायला गेले होते,
तर हातबत्तीच्या लाल उजेडात त्यांचा अर्धाच चेहरा.
उरलेला अर्धा मी घरी येईपर्यंत शोधत होते.
सर म्हणाले, ह्याला लो-की प्रकाशयोजना म्हणतात.
पप्पा म्हणाले असते, बॅटरी उतरली.

मग ती येते. जिन्यावरून.
सर म्हणाले, ही घातक स्त्री, नोंद करा,
हिच्याशिवाय फिल्म न्वार पुरा होत नाही.
सोळा पेनं चालली.
माझं थांबलं,
कारण उतरताना ती कठड्याला हात लावत नाही
आणि कोकिळाआत्याही लावत नसे.

आत्या सावद्याला केळीच्या वखारीत हिशेब लिहायची.
एका शनिवारी रोकड कमी भरली.
सोमवारी पहाटे मुनीम वारके
डाउन लाइनवर सापडले.
पोलिसांना पुढे काहीच मिळालं नाही.
गावाला मिळायची गरज नव्हती :
ती कामावर जांभळी साडी नेसायची,
हातात घड्याळ, पट्टा सोनेरी,
आणि ती हसली की काट्यावरचा माणूस
घडाचं वजन चुकायचा म्हणे.
पुरावा म्हणून एवढं पुष्कळ झालं.
आमच्या घरातल्या फोटोतून तिला कापून काढलंय,
कात्री नीट चालली नाही :
आईच्या खांद्यावर तिची चार बोटं
अजून आहेत.

पडद्यावरची बाई सिगारेट पेटवते, खोटं बोलते,
सुंदर दिसते, पुन्हा खोटं बोलते.
दीड तासात कॅमेरा एकदाही
तिच्यामागे स्वयंपाकघरात गेला नाही.
एकटी असताना ती काय खाते?
झोप लागते का तिला?
तिला गोष्ट सांगू दिली असती
तर रस्ता इतका ओला राहिला असता का?
हात वर करणार होते मी,
तेवढ्यात लाइट गेली.

सरांनी घोंगडी ओढली.
पांढरं ऊन थेट डोळ्यांत,
कुणालाच कुणी दिसेना काही वेळ.
शेवट त्यांनी तोंडीच सांगितला, घड्याळ बघत :
मरते ती. मरावंच लागतं.
मंगळवारपर्यंत चारशे शब्द, दहा गुण.

रात्री गच्चीवर जाऊन धुळ्याला फोन लावला.
नंबर आईच्या मसाल्याच्या डब्याखाली असतो,
हे घरात सगळ्यांना माहीत आहे
आणि कुणालाच माहीत नाही.
आत्या आता तिकडचीच बोलते.
पिच्चर काळापांढरा होता म्हटल्यावर
हसली, जुनं हसली.
सगळं ऐकून घेतलं, हॅट, पाऊस, जिना.
मग जरा थांबून म्हणाली,
मंग त्या बाईनं काय झायं?

यार्डात कुठली तरी मालगाडी जोडली जात होती,
डब्यामागून डबा, दणका पुढे पुढे सरकत.
मी म्हटलं, कळलंच नाही गं, आत्या.
लाइट गेली.