खोळंब्याचं कारण

पृथ्वीचा गोल शर्वरीचा, सातवीतल्या बक्षिसाचा.
पॅसिफिकवर पोचा आलाय
आणि सोव्हिएत संघ अजून शाबूत.
शाळेनं जुना माल स्वस्तात उचलला असणार.

उत्तरायणाच्या फिरकीत उरलेला मांजा घेतला,
एक टोक बडोद्यावर दाबलं
(बडोदा छापलेलंच नाही, खंभातच्या आखाताच्या
जरा वर, अंदाजानं),
दुसरं एडमंटनवर.
वाटलं होतं दोरा पश्चिमेला जाईल,
अरबस्तान, युरोप, मग समुद्र,
तिची विमानं जातात तसा.
ताणला, तर सरळ वर सरकला.
काश्मीर, सैबेरिया,
आणि जिथं गोलाचा खिळा आहे
तिथून पलीकडे उतरला.

फूटपट्टी, गुणाकार. साडेअकरा हजार किलोमीटर.
प्रश्न नातीच्या शाळेतला होता.
तिला फोननं उत्तर आधीच दिलेलं,
माझं थोडं चुकलं.

मी एकतीस वर्षं नॅरो गेजचा गार्ड.
प्रतापनगर ते डभोई, अठ्ठावीस किलोमीटर,
सव्वा तास, म्हैस आडवी आली नाही तर.
त्या वेगानं एडमंटन
एकवीस दिवस, नऊ तास.
पाण्याचे थांबे धरलेले नाहीत.

रावपुऱ्यातला परेश म्हणतो, काका, सत्तावीस कलाक,
दोनदा विमान बदलायचं.
म्हणजे निम्मा वेळ आकाशात
आणि निम्मा खुर्चीवर, पिशवी मांडीत धरून.

आमच्या वहीत याला रकाना होता: खोळंब्याचं कारण.
वाफ कमी. सिग्नल नाही. चांदोदची जत्रा.
एकदा मी लिहिलं,
नवरी रडत होती, चढेना. सात मिनिटं.
साहेबांनी लाल शाईत विचारलं,
हे कोणत्या सदरात बसतं?

शर्वरीला सहा वर्षं झाली.
रजा नाही. मग बाळंतपण. मग घराचे हप्ते.
मग विमानंच बंद.
मग नुसतंच, बघू हं बाबा.
मी लाल शाई कधी काढली नाही.

कारण माझा पासपोर्टही ट्रंकेत, कोरा.
तिची आई होती तेव्हा दोघांनी काढलेला.
फोटोवाला म्हणाला कान दिसले पाहिजेत,
तर हिनं केस मागे घेतले
आणि कुड्या चमकतात का विचारत राहिली.
माझ्याची मुदत गेल्या चैत्रात संपली.
रकान्यात काय लिहू?

रात्री नऊला फोन येतो.
तिच्या मागे भिंतीवर घड्याळ दिसतं.
काटे जवळजवळ माझ्याच घड्याळाचे,
फक्त तिकडे सकाळ.
उन्हाळ्यात ती अर्धा तास पुढे,
थंडीत अर्धा तास मागे.
अर्धा तास.
डभोईच्या गाडीला एवढं रोजचंच,
त्याला आम्ही लेट म्हणत नसू.

बोटावर मांज्याची रेघ उमटलीय, बारीक.
भांडी घासताना
झोंबते.