बावीस चिमटे

आधी चिठ्ठ्या असायच्या, बाल्बिनाच्या टोपीत.
मग कुणीतरी म्हणालं, तिची बोटं वाचतात.
त्यावरून दोन आठवडे अबोला.
गॅलिसियाच्या या खाडीत, एकाच ओहोटीला,
एकाच गाळात वाकून
आम्ही पाठीला पाठ लावून तिसऱ्या वेचल्या.

तेव्हा एरुंदिनाने नवऱ्याच्या सायकलचं पुढचं चाक आणलं.
एवारिस्तो गेल्यापासून ते गोठ्यात टांगलेलं होतं.
सोसायटीच्या भिंतीत आस ठोकला,
वर पत्र्याची एक जीभ,
आणि कडेला कपड्यांचे बावीस चिमटे,
प्रत्येकीवर एक नाव.

शुक्रवारी चाक फिरायचं.
जीभ ज्या चिमट्यावर अडेल तिच्यावर राज्य:
शनिवारची रात्र किनाऱ्यावर काढायची,
बॅटरी, शिट्टी, थर्मास घेऊन,
चोरून तिसऱ्या उपसणाऱ्यांवर डोळा ठेवत.

चाकाकडे वशिला चालत नाही, डोसिंदा म्हणायची.
टर्रर्र, टर्र, टर्... टर्...
शेवटच्या दोन चिमट्यांना श्वास अडकायचे,
साठीच्या बायका
शाळकरी पोरींसारख्या एकमेकींचे दंड धरायच्या.

हिशेबाची वही माझ्याकडे.
वजनं, दर, डिझेल,
आणि शेवटच्या पानावर राखणीच्या रात्री.
एकतीस आठवडे. एरुंदिना अकरा वेळा.
मी बोट ठेवून पुन्हा मोजलं. अकराच.
"नशीबच फुटकं, उशिया," ती म्हणायची
आणि थर्मास धुवायला घ्यायची.

एका दुपारी कुणी नसताना
मी सगळे चिमटे काढून चाक फिरवलं.
ते थांबलं, जरा मागे झुललं, मग स्थिर. व्हॉल्व्ह खाली.
पुन्हा फिरवलं. व्हॉल्व्ह खाली.
हवा भरायचा पितळेचा तो एवढासा तुकडा,
त्याचं वजन ते किती!
आणि त्याच्या बरोबर समोर, वर, जिभेखाली,
रिमचा रंग घासून गेलेला.
तिथे कुणाचा चिमटा असतो
ते आठवायला वही लागली नाही.

जाळ्याचं एक शिसं चेपून
मी समोरच्या बाजूला आतून बसवलं.
चाक कुठेही थांबायला लागलं.
वहीच्या बाजूने बघितलं तर बरोबरच केलं.
अजूनही तसंच वाटतं. बहुतेक.

त्या शुक्रवारी सबेला आली. मग डोसिंदा.
मग परत सबेला, आणि तिने
चाकाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.
एरुंदिना गप्प.
तिने एकदाच रिमवरून बोट फिरवलं,
बोट शिशापाशी थांबलं,
माझ्याकडे न बघता म्हणाली,
"पक्कं बसवलंयस."

पाचव्या शनिवारी राज्य माझ्यावर.
वायव्येचा वारा, गाळाला कुजक्या शेवाळाचा वास.
चोर कुणी आला नाही.
दोन वाजता, तीन वाजता, पावणेचारला
अख्ख्या टेकाडावर एकाच घरात दिवा.
मी बॅटरी दोनदा उघडमीट केली.
बराच वेळ काही नाही.
मग वरचा दिवा विझला. लागला.

भरती चढत आली तेव्हा
ती उतारावरून येताना दिसली,
पायात बूट, अंगात एवारिस्तोचा कोट.
जवळ येऊन काही बोलली नाही.
माझ्या हातातला रिकामा थर्मास घेतला
आणि धुवायला वाकली.

त्या रात्रीपुढे वहीत एकच नाव आहे.