हातभर

राजापूरच्या पुढे कुठेतरी रात्री टपावरची ताडपत्री उडाली
आणि बाबीला ती फडफड वाऱ्याचीच वाटली.
सकाळी विजयदुर्गाला उतरलो
तर सगळ्यांच्या बॅगा पाणी प्यालेल्या.
मृदुला जीन्स पिळत होती, पिळता पिळता हसत होती.
कोरडी राहिली फक्त माझी पेटी.
ती मी टपावर देत नाही. सतरा वर्षं
ड्रायव्हरमागच्या सीटवर तीच बसते,
मी खाली, तिच्या पायाशी.

प्रयोग रात्री, देवगडला.
पाऊस हस्ताचा, सोंडेनं ओतल्यासारखा.
लॉजवाला म्हणाला, वीज नाय. किल्लो आसा.

मग काय, उघडली पेटी.
केरकरांना जज्जचा काळा डगला,
मृदुलाला दुसऱ्या अंकातला शालू,
तात्यांना ज्यात ते रोज मरतात ते धोतर,
तोरसकरला खाकी.
हवालदार. दोन प्रवेश, अकरा वाक्यं,
त्यातली तीन विसरायची ठरलेली.
अशी निघाली वरात, चार छत्र्यांत अकरा माणसं,
आणि मागून मी ओरडतेय, काठ वर धरा,
जांभ्याचा चिखल जात नाही, मेल्यांनो,
धुवायचं मला आहे.

बुरुजावर पाऊस आडवा.
समुद्र दिसलाच नाही.
करड्या पडद्यामागे कोणीतरी
रात्रभर जड सेट ढकलत असावं, तसा आवाज फक्त.
केरकरांनी तटबंदीला पुढची तारीख दिली.
मृदुला शालूसकट शेवाळावर बसली
आणि माझा जीव गेला.
तात्या कोणाशी न बोलता भिजत उभे राहिले,
हाका मारल्या तरी वळले नाहीत.

उतरताना जेट्टीजवळ चहाला थांबलो.
खताच्या पिशवीची खोळ डोक्यावर घेतलेली एक बाई
रस्ता ओलांडून सरळ तोरसकरसमोर आली.
"सायबानु, माझा जरा ऐकशात?
शेजाऱ्यान गडगो सरकवल्यान. हातभर.
रात्रीचो. पावसात कोणाक आवाज येवचो नाय म्हणान."

आमच्यातलं कोणीतरी फिसकन हसलं.
केरकरांनी डगला सावरला, आता निकाल देणार,
तर तोरसकरनं हात वर केला.
नाटकात करतो तोच हात. पण आज तो
कुठे थांबवायचा हे त्याला ठाऊक होतं.
सांगता आलं असतं, मावशी, हे कपडे खोटे आहेत.
तेवढा वेळ होता. चहा अजून उकळतही नव्हता.
त्यानं खिशातून वही काढली.
ती वही माझी. पहिल्या पानावर कधीचं लिहिलेलं :
दूध, सुया, पांढरा दोरा.
त्याच्या खाली त्यानं लिहायला घेतलं.
"कुठच्या बाजून?" त्यानं विचारलं.
हे वाक्य नाटकात नाही.
ती सांगत राहिली. आंब्याचं झाड, विहीर, दीर,
मुंबईचा मुलगा जो फोनवर म्हणतो, बघू.
तोरसकरच्या कपाच्या बशीत
पत्र्यावरून थेंब पडत होते, त्याचं लक्ष नव्हतं.

देवगडात शिरताना तो बाबीला म्हणाला, थांब जरा.
पोलीस ठाणं होतं.
माझा रेनकोट मागितला. खाकीवर चढवला,
गळ्यापर्यंत बटणं लावली,
गुलाबी रेनकोट, बाह्या कोपरापर्यंत येणाऱ्या,
आणि आत गेला.
पंधरा मिनिटं. गाडीत कोणी काही बोललं नाही.
मृदुला काचेवर बोटानं काहीतरी काढत होती, पुसत होती.
परत आला तर म्हणाला, "चला."
कोणी विचारलं नाही. मीही नाही.

रात्री हवालदार वही काढतो तिथे हशा येतो, नेहमीचा.
तोरसकरनं वही काढली
आणि बघतच राहिला पानाकडे.
मी विंगेत, ओठांवर त्याचं वाक्य तयार ठेवून.
लागलं नाही. बरोबर बोलला, अक्षर न् अक्षर.
पण थिएटरात कोणी हसलं नाही,
पत्र्यावर पाऊस तेवढा वाजत राहिला.

लॉजवर वीज आली एकच्या सुमाराला.
शालूचा काठ गेला तो गेलाच.
शेवटी खाकी घेतली इस्त्रीला.
कपडा हाती आला की खिसे रिकामे करायचे,
ही माझी सतरा वर्षांची शिस्त.
वही ओली होती, शाई पसरलेली :
दूध, सुया, पांढरा दोरा,
शेवंती गिरकर, विहिरीकडून, हातभर.

इस्त्री मी खिशाच्या
कडेकडेनं फिरवली.