एकशे बहात्तर

पहाटे साडेचारला कुकरचा दिवा लागला नाही.
शेवंता म्हणाली, बघा की जरा, चौदा डबे आहेत आज.
भात तिनं गॅसवर टाकला.
मी कुकर घेऊन खिडकीपाशी बसलो.

आधी प्लग.
बटण बंद करून भागत नाही,
पिन समोर टेबलावर ठेवली, दिसेल अशी.
कुकर गारच होता,
तरी हाताची मागची बाजू लावून बघितली. सवय.

तीन स्क्रू. पत्रा निघाला.
आत, पांढऱ्या नळीत, तारेच्या मधोमध
चांदीचा एक दाणा.
मीटर लावला. पीं वाजायला हवं होतं.
वाजलं नाही.
म्हणजे गेलाय तो हाच. पण हा कोण?

एकतीस वर्षं उद्यमनगरात भट्टीवर होतो.
रसाचा रंग बघून सांगायचो : थांबा अजून. आता ओता.
चौदाशे डिग्री मला डोळ्यांनी कळायची.
हा दाणा कळेना.

वरच्या मजल्यावरचा तुषार आला, वायरिंगची कामं करतो.
काका, काढून टाका की त्याला,
डायरेक्ट जोडा. दोन मिनिटांचं काम.

डायरेक्ट.
त्र्याण्णव साली नाईटला ट्रिप सारखा पडायचा,
म्हणून यशवंता माळकरनं तार टाकून
डायरेक्ट केला होता.
पहाटेपर्यंत भट्टी झकास चालली.
माझ्या डाव्या हाताच्या दोन बोटांना नखं येत नाहीत.
यशवंताचं विचारू नका.

दाणा कागदात गुंडाळून गुजरीत गेलो.
रंगनाथ पोतदारनं नथ बाजूला ठेवली,
भिंग डोळ्यात अडकवलं.
दहा ए. अडीचशे व्ही.
मग एक, सात… पुढचं घासलंय बघा.
दोन असंल. नाहीतर सात.
सोनं असतं तर कसाला लावून सांगितलं असतं.

'असंल'वर मी तार जोडत नाही.
घरी येऊन तळाचा पत्रा उलटा केला.
आतून एक कागद चिकटवलेला, पेजेनं पिवळा पडलेला,
त्यावर तारांचा नकाशा,
आणि एका कोपऱ्यात, बारीक : १७२.

लक्ष्मीपुरीतला पहिला दुकानदार म्हणाला,
एकशे बहात्तर नाही, दोनशे चाळीस न्या.
लई दणकट, परत जाणारच नाही.
मी म्हटलं, जाण्यासाठीच असतो तो.
त्यानं माझ्याकडे बघितलं
आणि पुढच्या गिऱ्हाइकाला बल्ब दिला.

चौथ्या दुकानात एक बाई होत्या, चष्मा दोरीला.
त्यांनी जुना दाणा मागून घेतला, नव्याशेजारी ठेवला,
आकडा मला मोठ्यानं वाचायला लावला.
मग म्हणाल्या, डाग देऊ नका हं याला,
डागाच्या उष्णतेनं लावतानाच मरेल.
दोन पितळी नळ्या दिल्या, दाबून बसवायच्या.
आणि तो का गेला ते शोधा आधी,
नाहीतर उद्या परत याल.

शोधलं.
तव्याच्या मधल्या टिकलीपाशी
एक शीत जळून कोळसा झालेलं.
त्याच्यामुळं भांडं नीट टेकत नव्हतं,
टिकलीला ताप कळत नव्हता,
तवा आपला तापतोय, तापतोय.
शेवटी दाण्यानं स्वतःला तोडून घेतलं,
रात्री कधीतरी, आम्ही झोपलो होतो तेव्हा.

नखं नसलेल्या बोटांनी बारीक वस्तू धरता येत नाही.
तार शेवंतानं धरली, नळी मी दाबली.
पांढरी नळी परत चढवली. तीन स्क्रू.
आधी नुसतं पाणी घालून लावला,
आणि दोघं शेजारी बसून राहिलो, उकळेपर्यंत.

किती पडले?
पंधरा रुपये.
पंधरा रुपयांसाठी दोन दिवस हिंडलात?

मी जुना दाणा तिच्या तळहातावर ठेवला.
ती काही बोलली नाही.
तांदूळ धुतले, पाणी मापलं,
भांड्याचं बूड पदरानं पुसलं,
वाकून तवा बघितला,
मग ठेवलं.